रूथ फाऊंची कराची

१९ ऑगस्ट २०१७ रोजी कराचीच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमधून पाकिस्तानच्या राष्ट्रध्वजात लपेटलेली एक शवपेटी निघाली. तोफांची सलामी झाली आणि पूर्ण शासकीय इतमामात गोरा कब्रस्तानात दफन झालं. हा मान मिळाला होता जर्मनीत जन्मलेल्या एका कॅथलिक धर्मभगिनीला. डॉ. रूथ फाऊ वयाच्या ८७व्या वर्षी गेल्या, आणि त्यातली ५७ वर्षं त्यांनी या शहरात काढली होती.

खरं तर त्यांना यायचं होतं भारतात. १९६० साली त्यांच्या धर्मभगिनी संघानं त्यांना इकडे धाडलं, पण व्हिसाचं घोडं अडलं आणि त्या वाटेतच कराचीला थांबल्या. पुढे भारतात आल्या त्या शिकायला. १९६१ मध्ये वेल्लोरला त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलं. डॉ. पॉल ब्रँड यांच्या शस्त्रक्रियांमुळे ते गाव त्या काळी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांत पुन्हा हालचाल आणण्यासाठी जगभर ओळखलं जात होतं. शिकून त्या तडक कराचीला परतल्या.

जन्म १९२९चा, लायपझिगचा. घर प्रोटेस्टंट. महायुद्धात बॉम्बहल्ल्यात राहतं घर गेलं, मग शहर सोव्हिएत अमलाखाली गेलं. तरुण रूथ सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत पोहोचली आणि माइन्झला वैद्यकी शिकली. छळछावणीतून वाचलेली एक डच ख्रिस्ती बाई तिला याच काळात भेटली. इतकं भोगूनही ती क्षमेबद्दल बोलत फिरत होती. १९५३ मध्ये रूथ कॅथलिक झाली, १९५७ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघात दाखल झाली.

हा संघ जरा वेगळा. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद होत असताना तो जन्मला, त्यामुळे त्याच्या भगिनींना झगा नाही, शिरोवस्त्र नाही. चारचौघींसारखं राहायचं आणि व्रत पाळायचं. सिस्टर रूथ सलवार-कमीज आणि दुपट्टा घालून कराचीत वावरल्या, ते या रीतीला धरूनच होतं. संघाच्या संस्थापकांपैकी एक मारी ॲडलेड द सिसे. कराचीतल्या ‘मारी ॲडलेड लेप्रसी सेंटर’ला नाव मिळालं ते त्यांचंच.

या सेंटरची सुरुवात मॅक्लिओड रोडमागच्या कुष्ठवस्तीत झाली. रेल्वे स्टेशनजवळच्या त्या झोपडपट्टीत खोक्यांच्या लाकडाचा दवाखाना होता. बधिर झालेले हातपाय रात्री उंदीर कुरतडत आणि माणसाला पत्ताही लागत नसे. एका सहभगिनीनं रूथना तिथं नेलं. त्यांच्याच वयाचा एक पठाण हातापायांवर रांगत दवाखान्यात शिरला, जणू त्यात काहीच वेगळं नाही. रांगण्यापेक्षा त्याची झालेली ही सवय त्यांना जास्त लागली असावी. त्यांनी तिथंच राहायचं ठरवलं.

वृत्तपत्रांनी पुढे त्यांना ‘पाकिस्तानच्या मदर तेरेसा’ म्हटलं. मला ते पटत नाही. मदर तेरेसांचं नाव मरणाऱ्याच्या उशाशी बसण्याशी जोडलं गेलं. फाऊंचं खरं काम जखमा धुण्याच्या पलीकडचं होतं. त्यांनी करुणेची यंत्रणा उभारली, नोंदवह्यांसकट.

या रोगाला यंत्रणाच लागते. जंतू अतिशय सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच-पाच वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. चट्टा दुखत नाही, म्हणून कोणी दाखवायला येत नाही. कोपरामागची नस जाड होते, करंगळी वळते, चुलीवरचा चटका कळत नाही, आणि हात हळूहळू जातो. रुग्णाची वाट पाहत बसणारा दवाखाना इथं हरतो. चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळतो का, नस हाताला लागते का, हे पाहणारा माणूस घरोघर जायला हवा, आणि रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांना तपासून त्यांची नावं वहीत चढायला हवीत.

१९६३ मध्ये सेंटर सदर भागात हललं. दोन वर्षांनी डॉ. झरिना फझलभॉय यांच्या पुढाकारानं तिथं कुष्ठरोग तंत्रज्ञ घडवायला सुरुवात झाली. बलुचिस्तानात, उत्तरेच्या डोंगरांत ही माणसं जीपनं, जीप थांबली की पायी जाऊ लागली. गुहेत किंवा गोठ्यात कोंडलेले रुग्ण त्यांनी बाहेर काढले. १९६८ मध्ये फाऊंनी सरकारला राष्ट्रीय कार्यक्रमासाठी राजी केलं. १९७९ मध्ये त्या केंद्र सरकारच्या कुष्ठरोगविषयक सल्लागार झाल्या. कुष्ठरोग केंद्रांची संख्या पुढे १५७ वर गेली.

मराठी वाचकाला इथं आनंदवन आठवणारच. बाबा आमट्यांनी समाजानं टाकलेल्यांसाठी माळरानावर नवं गाव वसवलं. फाऊंचा कल उलटा, रुग्णानं आपल्याच घरात राहून गोळ्या घ्याव्यात असा. दोन्हींत डावं-उजवं करायचं कारण नाही. आनंदवन १९४९ चं, तेव्हा डॅप्सोन हे औषध नुकतंच हाती येत होतं. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवले, रोग सहा महिने ते दोन वर्षांत बरा होऊ लागला आणि घरी राहणं शक्य झालं. फाऊंची माणसं तोवर खेड्यापाड्यांत पोहोचलेली होती, त्यामुळे गोळ्यांना वाट तयार सापडली.

१९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाकिस्तानात कुष्ठरोग नियंत्रणात आल्याचं जाहीर केलं. आशियात हे फार थोड्या देशांना इतक्या लवकर जमलं. त्याआधी १९८८ मध्ये फाऊंना पाकिस्तानचं नागरिकत्व मिळालं होतं, १९८९ मध्ये ‘हिलाल-ए-पाकिस्तान’ही. २००२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आला. त्या मात्र सेंटरमधल्या एका खोलीत राहत होत्या. दुष्काळ, २००५ चा भूकंप, २०१० चा पूर, प्रत्येक वेळी सेंटरची माणसं कुष्ठरोगाबाहेरच्या कामालाही धावली. क्षयरोग आणि अंधत्वाचं काम तर कधीचंच सुरू होतं.

त्यांच्या मृत्यूनंतर कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलला त्यांचं नाव दिलं गेलं, ५० रुपयांचं नाणं निघालं. नवे रुग्ण मात्र दरवर्षी सापडतातच, आता शेकड्यांत. रोग विरळा झाल्यानं तरुण डॉक्टरांना चट्टा पाहून शंकाही येत नाही, आणि वही घेऊन घरोघर जाणाऱ्या तंत्रज्ञाची गरज अजून संपलेली नाही.