जुनी जिनिंग, नवी पाकशाळा : ‘देश’विचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी केला आहे. त्यांपैकी प्रकृती, करण, संयोग व राशी यांची चर्चा आपण रुग्णापुढे नित्य करतो. ‘देश’ मात्र बहुधा जांगल-आनूप एवढ्यावरच थांबतो. अन्न जेथे शिजते ती वास्तूही त्यात येते, याची जाणीव आम्हांस गतवर्षी झाली.

भोकर हा कापसाचा मुलूख. येथील एका परिचित गृहस्थांची जिनिंगची जुनी शेड अनेक वर्षे बंद होती. तेथे दसऱ्यापूर्वी पर्यावरणपूरक उपाहारगृह काढावे, असा त्यांचा मानस होता. पथ्यकर पदार्थांची यादी द्यावी, एवढीच आमच्याकडून अपेक्षा होती. यादीआधी आम्ही जागा पाहिली. भिंती जाड, छप्पर उंच, वारा खेळता. अशी वास्तू पाडून नवी उभारणे म्हणजे विटा, सिमेंट व लोखंड यांसाठी पुन्हा इंधन जाळणे. ती राखणे हीच पहिली बचत. परंतु तुळयांवर रुईच्या धुळीची पुटे होती, छपरावर अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे होते आणि दार एकच होते.

हे पत्रे कापताना वा फोडताना उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत रुतून बसतात. त्यांपासून होणारे कर्करोगासारखे विकार कित्येक दशकांनी प्रकट होतात. दूषीविषाची संकल्पना येथे सहज आठवते. रुईची धूळ श्वसनास बाधक, शिवाय चटकन पेट घेणारी.

जुन्या गिरण्यांत भोजनगृहे होणे नवे नाही. मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, ‘प्रोसेस हाउस’ इमारतीत, 2015 साली ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू झाले. स्थानिक व ऋतूनुसार मिळणाऱ्या जिनसांवर त्याचा भर आहे. याच आवारातील दुसऱ्या एका इमारतीच्या गच्चीवर 29 डिसेंबर 2017 रोजी लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला. बहुतेक जण धुराने गुदमरले. सुश्रुताचार्य कल्पस्थानाच्या प्रारंभी पाकशाळा प्रशस्त, स्वच्छ, गवाक्षयुक्त व जाळीदार असावी असे सांगतात. तेथे प्रसंग राजाच्या रक्षणाचा आहे. आज तो ग्राहकाच्या रक्षणाचा मानावा.

आम्ही सुचविले ते असे. पत्रे न फोडता, ओले करून, जाणकारांकडून अखंड उतरवावेत. धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. बाहेर उघडणारे दुसरे दार करावे व सिलिंडर बाहेर ठेवावेत. नव्या छपरावरील पाणी साठवावे : 500 चौरस मीटर छपरावर 800 मिलिमीटर पाऊस पडल्यास हिशेबाने 4 लक्ष लिटर पाणी होते. त्यातील काही भाग वाया गेला, तरी 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ज्यांना आठवते त्यांना त्याचे मोल सांगावयास नको. पदार्थांत ज्वारी, तूर, अंबाडी आणि गावाचे नाव ज्याच्याशी जुळते ते श्लेष्मातक, म्हणजेच भोकराचे लोणचे असावे.

खर्च वाढला, दसरा टळला. गृहस्थ काहीसे नाराज झाले. “वैद्यराज, मी यादी मागितली होती,” असे ते म्हणाले. आम्ही निरुत्तर झालो. तथापि मत बदलले नाही.

त्या रात्री आमच्या औषधनिर्माणशाळेत आम्ही प्रथमच मान वर करून छप्पर पाहिले. खरलांच्या वर तेच पत्रे होते, एकास तडाही गेला होता. 2000 साली अनुसूची ‘टी’ आली तेव्हापासून स्वच्छतेच्या नोंदी आम्ही चोख ठेवीत आलो. छपराकडे दृष्टी गेली नव्हती. उत्पादन थांबवून ते उतरविण्यास तीन आठवडे लागले, आर्थिक झळही बसली. त्यानंतर मात्र त्या गृहस्थांना सल्ला देताना आमचा स्वर अधिक सौम्य झाला. त्यांच्याही शेडचे पत्रे आता उतरले आहेत. यादी आम्ही लिहावयास घेतली आहे.

वैद्यमित्रहो, आपली औषधे जेथे सिद्ध होतात त्या जागेचे छप्पर एकदा अवश्य पाहावे.