सिद्धेश्वर तलावातील बेट (सोलापूर)

सिद्धेश्वर तलावातील बेट हे महाराष्ट्र राज्यातील सोलापूर शहराच्या मध्यवर्ती भागात असलेले एक लहान बेट आहे. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर, म्हणजेच बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धरामेश्वर, यांचे मंदिर व योगसमाधी याच बेटावर आहे. तलावाच्या पश्चिमेस सोलापूरचा भुईकोट किल्ला असून तळे, बेट आणि किल्ला या तिघांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. बेट म्हटले की सामान्यतः घारापुरी, जंजिरा किंवा सिंधुदुर्गाचे कुरटे बेट डोळ्यांसमोर येते. समुद्रापासून इतक्या दूर, पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलखात गावाच्या श्रद्धेचे केंद्र पाण्याने वेढलेले असावे, हे या स्थळाचे वैशिष्ट्य होय.

== भौगोलिक स्थिती ==

सोलापूर शहर सुमारे १७°४०′ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेस, उष्ण कटिबंधात वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४५० मीटर आहे. जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची, वर काळ्या मातीचा थर. शहराच्या पश्चिमेकडून सीना वाहते व पुढे भीमेला मिळते. शहर स्वतः अदिला या लहान ओढ्याच्या खोऱ्यात आहे. बारमाही वाहणारी नदी गावातून जात नाही. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते आणि पाऊस बेभरवशाचा असतो. अशा ठिकाणी साठवलेले पाणी हाच वस्तीचा आधार असतो. तळे आधी की गाव आधी, हा प्रश्न म्हणूनच येथे वाटतो तितका पोरकट नाही.

बेट नैसर्गिक नव्हे. तळे माणसांनी खोदले, अशी परंपरा एकमुखाने सांगते. तळे मानवनिर्मित म्हटले की मधली भूमीही राखून ठेवलेली किंवा भर घालून उंचावलेली मानावी लागते. मंदिराकडे जाण्यासाठी पाण्यातून बांधलेली वाट आहे.

== नाव ==

सोळा गावे मिळून 'सोलापूर' झाले, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी अभ्यासकांना ती मान्य नाही. सिद्धरामेश्वरांच्या काळी गावाचे नाव 'सोन्नलगे' किंवा 'सोन्नलिगे' असे होते. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ मधील संस्कृत शिलालेखात 'सोनलीपूर' हे रूप येते. किल्ल्यातील एका लेखात 'सोनलपूर', तर तेथील विहिरीवरच्या लेखात 'संदलपूर' असे आढळते. सोन्नलगे ते सोलापूर हा प्रवास या लेखांतून स्पष्ट दिसतो.

येथील यात्रेला गावकरी 'गड्डा' म्हणतात. कानडीत बेटाला 'नडुगड्डे' असा शब्द आहे. दोन्ही शब्दांतील साम्य लक्षात येण्याजोगे आहे. मात्र केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवणे धोक्याचे असते, हे 'सोळा गावां'च्या उदाहरणावरूनच कळते.

== इतिहास ==

=== सिद्धरामेश्वर आणि तळ्याचे काम ===

सिद्धराम हे मुद्दुगौडा व सुग्गलादेवी यांचे पुत्र. त्यांच्या चरित्राचा प्रमुख आधार म्हणजे कन्नड कवी राघवांक यांचे 'सिद्धराम चरित्र' हे काव्य. कथेनुसार रानात गुरे राखणाऱ्या अबोल मुलाला श्रीशैलाचा मल्लिकार्जुन जंगमाच्या वेषात भेटला आणि त्या भेटीने त्याचे आयुष्य बदलले. सोन्नलगेत परत आल्यावर त्यांनी मंदिरे उभारली, पंचक्रोशीत अडुसष्ट शिवलिंगांची स्थापना केली आणि तळे खोदण्याचे काम हाती घेतले. गावच्या राणी चामलादेवी यांनी या कार्यासाठी भूमी दिली, असे परंपरा सांगते. त्या काळी जवळच्या मंगळवेढ्याशी संबंध असलेल्या कलचुरी घराण्यातील बिज्जलाची सत्ता कल्याण येथे होती. बसवेश्वर व अल्लमप्रभू हे सिद्धरामांचे समकालीन होत.

तळ्याच्या कामाशी निगडित एक प्रसंग वीरशैव साहित्यात विशेष महत्त्वाचा मानला जातो. 'शून्यसंपादने' या ग्रंथात तो विस्ताराने आला आहे. अल्लमप्रभू सोन्नलगेस आले तेव्हा खोदकाम चालू होते. दगडमाती वाहणाऱ्यांमध्ये उभे राहून त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख 'ओड्डराम', म्हणजे माती उपसणाऱ्या वडारांचा राम, असा केला. गुरूची अशी हेटाळणी ऐकून कामकरी खवळले व त्यांनी अल्लमप्रभूंवर दगड फेकले. पुढे सिद्धराम व अल्लमप्रभू यांच्यात संवाद झाला. तळी आणि देवळे बांधून मिळणारे पुण्य बाहेरचे आहे, आतला शोध त्याने होत नाही, हा अल्लमप्रभूंचा मुद्दा होता. सिद्धरामांनी तो स्वीकारला, ते कल्याणला गेले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंग दीक्षा घेतली. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा असलेली त्यांची हजारांहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत.

वाद अल्लमप्रभूंनी जिंकला, असे ग्रंथ म्हणतो. तळे मात्र राहिले. पुढील पिढ्यांनी सिद्धरामांना वचनकार म्हणून जितके स्मरले, तितकेच पाणी देणारा म्हणूनही. कर्मयोगी ही त्यांची ओळख आजही सोलापुरात सर्वतोमुखी आहे, आणि त्यांची समाधीही अखेर त्याच पाण्याच्या मध्यभागी झाली.

=== किल्ल्याच्या सावलीत ===

चौदाव्या शतकात बहमनी राजवटीत तळ्याच्या काठी भुईकोट बांधला गेला. किल्ल्याच्या उरलेल्या तीन बाजूंना खंदक खणण्यात आला. पूर्वेस तळेच असल्याने तेथे वेगळ्या खंदकाची गरज भासली नाही. लोकांच्या पिण्यासाठी खोदलेले पाणी अशा रीतीने लष्करी संरक्षणाचा भाग झाले. किल्ल्यातील उत्खननात प्राचीन मंदिराचे अवशेष उघडे पडले असून तटाच्या बांधकामातही जुन्या मंदिरांचे कोरीव दगड वापरलेले दिसतात.

किल्ला विजापूर व अहमदनगर यांच्या सीमेवर होता आणि दोन्ही दरबारांना तो हवा होता. इ.स. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्येचा विवाह बुऱ्हाण निजामशाहाशी झाला, तेव्हा सोलापूर हुंड्यात देण्याचे ठरले. ते दिले गेले नाही आणि त्यावरून दोन्ही राज्ये दीर्घकाळ लढत राहिली. १५६०च्या दशकात चांदबिबीचा विवाह अली आदिलशाहाशी झाला, त्या वेळी निजामशाहीकडून हाच किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला. पुढे तो मोगल, निजाम व मराठे यांच्या ताब्यातून गेला आणि मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याच्या फौजेने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. एवढ्या उलाढालींत बेटावरील पूजाअर्चा व यात्रेची परंपरा टिकून राहिली.

== गड्डा यात्रा ==

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी यात्रा हा या स्थळाचा सर्वांत मोठा उत्सव आहे. तिच्या मुळाशी एका कुंभारकन्येची कथा आहे. तिने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा व्यक्त केली. त्यांनी नकार दिला, परंतु आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास संमती दिली. त्या विवाहाचे विधी दरवर्षी क्रमाने पार पडतात.

भोगीच्या दिवशी सात नंदीध्वजांची मिरवणूक अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत शहरभर फिरते. नंदीध्वज म्हणजे उंच, जड, सजवलेली काठी. ती तोलून धरण्यासाठी सराव लागतो आणि तो आधीच्या आठवड्यांपासून सुरू असतो. ध्वजधारक 'बाराबंदी' हा पांढरा पोशाख घालतात. पूजेचा प्रमुख मान हिरेहब्बू घराण्याकडे असून लिंगायत माळी, विश्वब्राह्मण, मातंग अशा निरनिराळ्या समाजांकडे ध्वजांचे मान परंपरेने आहेत. संक्रांतीला तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर संमतीचे वाचन होऊन अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्यांपासून केलेल्या कुंभारकन्येच्या प्रतिकृतीस अग्नी दिला जातो. मैदानाचे नाव याच होमावरून पडले आहे. त्यानंतर शोभेचे दारूकाम होते आणि नंदीध्वजांचे वस्त्रविसर्जन, म्हणजे 'कप्पडकळी', होऊन यात्रा संपते. विधींतील अनेक संज्ञा कानडी, तर पाहणाऱ्या गर्दीची बोली मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी. १९६०च्या राज्यनिर्मितीने नकाशा ठरला तरी कप्पडकळीला मराठी पर्याय शोधण्याची गरज सोलापूरकरांना वाटलेली नाही.

== पाण्याची स्थिती ==

शहराची तहान आज तळ्यावर अवलंबून नाही. १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरूख (हिप्परगा) तलाव आणि नंतर भीमेवरील उजनी धरण यांनी ती जबाबदारी घेतली. पिण्यासाठी वापर थांबला की तळ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हा अनुभव सर्वत्र येतो. सिद्धेश्वर तलावाचे पाणी साचलेले असते. त्यात निर्माल्य, गणेशमूर्तींचे विसर्जन आणि भोवतालच्या वस्तीतून वाहून येणारा मैला यांमुळे नत्र व स्फुरद वाढते, शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी खालावली की उरलेल्या पाण्यात हा घाणीचा अंश अधिकच दाट होतो. कडेच्या भिंती, दिवे व बागा यांनी तळे देखणे होते, पण गाळ काढणे आणि मैलापाणी बाहेर वळवणे या दोन कामांना त्यांचा पर्याय होऊ शकत नाही. गाळ साचत राहिला तर तळे उथळ होत जाते, आणि पुरेसे उथळ झालेल्या तळ्यात बेट उरत नाही.

मंदिराची व्यवस्था श्री सिद्धेश्वर देवस्थान पंच कमिटी पाहते. मुंबई व सोलापूर यांना जोडणाऱ्या 'सिद्धेश्वर एक्सप्रेस' या रेल्वेगाडीचे नाव याच दैवतावरून ठेवलेले आहे.