हिरवी टिक दिसली, पण पैसे आले का?

जळगावात भरीत-पुरीच्या गाडीवर गिऱ्हाईक स्कॅन करतं, मोबाइलवरची हिरवी टिक दाखवतं आणि गाडीवाल्याच्या खात्यात पैसे येतात. असं शेकडो वेळा झालं की मेंदू दोन्हींची गाठ मारतो: टिक म्हणजेच पैसे!

रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये याचं गणित मांडलं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष मिळालेलं बक्षीस यांत जेवढा फरक, तेवढं शिकणं जास्त. सुरुवातीला फरक मोठा, म्हणून आपण भराभर शिकतो. नंतर सगळं अपेक्षेप्रमाणेच होतं, मग शिकणं थांबतं. आणि तपासणंही सुटतं.

शिवाय सारख्या दिसणाऱ्या खुणेलाही मेंदू तीच किंमत देतो. हे सामान्यीकरण. ते नसतं तर प्रत्येक नवं ॲप पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. बनावट ॲपवाले नेमका याचाच फायदा घेतात: टिक तशीच, आवाज तसाच, पैसे मात्र शून्य.

उपाय? खूणच बदला. धुळे असो की जळगाव, भरवसा आपल्या साउंडबॉक्सवर किंवा आपल्या खात्यातल्या नोंदीवर ठेवा, समोरच्याच्या स्क्रीनवर नको. फसल्यावर मेंदू शिकतोच हो, पण त्याची फी आपल्याच गल्ल्यातून जाते.