डिलाईल रोडकरांच्या गावचं जंगल

गिरणीच्या कामासाठी डिलाईल रोडला येऊन राहिलेल्या कित्येक कुटुंबांचं गाव पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात आहे. त्या डोंगरावरचा गावाचा हक्क कायद्याने कसा गेला, त्याचा हा मागोवा.

१८६५ साली इंग्रजांनी पहिला जंगल कायदा केला आणि १८७८ साली तो घट्ट आवळला. राखीव जंगलातलं सरपण, चराई आणि भाताच्या राबाचा पाला ही सरकारी परवानगीची बाब झाली. गावाला विश्वासात घेतलं तर जंगल अधिक चांगलं राहील, असं पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हाच सांगितलं होतं. ते मानलं गेलं नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याचा जाच मांडला. ठाणे-कुलाब्यातला असंतोष इतका वाढला, की १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

१९२७च्या कायद्यानेही तीच वाट धरली. १९३०च्या पावसाळ्यात शिराळ्याजवळच्या बिळाशीकरांनी बंदी मोडून सागाचं झाड तोडलं आणि त्यावर तिरंगा चढवला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली.

राष्ट्रीय उद्यानाची कल्पना अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोनने रुजवली. आपल्याकडे १९३६ साली हेली, म्हणजे आजचं कॉर्बेट उद्यान झालं. मुंबई राज्याने १९५० साली स्वतःचा राष्ट्रीय उद्यान कायदा केला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८५ साली कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली, २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान ठरलं आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या कायद्यांमुळे जंगल वाचलं, हे मान्य करायलाच हवं. पण त्यासाठी कैक वाड्यावस्त्यांना आपलं गाव सोडावं लागलं.

सार्वजनिक सभेचं म्हणणं कायद्यात उतरायला २००६ साल उजाडलं. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक हक्काचा दावा करता येतो, अगदी अभयारण्यातही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली तो हक्क मिळवून दाखवला. डिलाईल रोडच्या चाकरमान्यांनो, यंदा यात्रेला गावी जाल तेव्हा एक विचारा: आपल्या ग्रामसभेने दावा दाखल केला आहे का? नसेल तर त्या कामाला हातभार लावा.