बौद्ध धर्म सोडून ख्रिश्चन झाल्यास ‘एससी’ दाखल्याचं काय होतं?

कोल्हापूर : बौद्ध कुटुंबातील कुणी बाप्तिस्मा घेतला, तर श्रद्धेला कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न येतो तो जात पडताळणी समितीसमोर. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्धांना (१९९० पासून) मिळतो. ख्रिश्चन वा मुस्लिम झाल्यास तो जातो, निवडणुकीतील राखीव जागाही हुकते. राज्यात अशा ख्रिश्चनांना ओबीसी सवलत आहे; पण गल्ली तीच, लोकांच्या नजरेतली जातही तीच. म्हणूनच कागदावर जुना धर्म ठेवण्याचा मोह होतो. तो महागात पडू शकतो. ख्रिश्चन आचरण करत केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वाराणी प्रकरणात म्हटलं. परतायचं असेल, तर के. पी. मनू निकाल (२०१५) पूर्वजांच्या जातीसोबत समाजाने पुन्हा स्वीकारल्याचाही पुरावा मागतो.