लेखनिक, दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा

दृष्टिहीन अथवा हाताने लिहिण्यास असमर्थ असलेल्या परीक्षार्थीने तोंडी सांगितलेली उत्तरे उत्तरपत्रिकेत लिहून देणारी व्यक्ती. प्रश्नपत्रिका वाचून दाखविणे हेही बहुधा तिचेच काम असते. हे काम करणाऱ्यांत विनामोबदला सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे.

लूई ब्रेल (१८०९–५२) याने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उठावाच्या ठिपक्यांच्या लिपीमुळे दृष्टिहीनांना स्वतः वाचणे व लिहिणे शक्य झाले. भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली. तथापि ब्रेल जाणणारे परीक्षक विरळा आढळतात. ब्रेल पुस्तकेही आकाराने मोठी व निर्मितीस खर्चिक असतात. त्यामुळे सर्वसाधारण शाळा-महाविद्यालयांतील दृष्टिहीन विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी वाचकाची व परीक्षेत लेखनिकाची गरज भासते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना महाविद्यालयीन शिक्षण घेता यावे म्हणून न्यूयॉर्क येथे १९४८ मध्ये स्वयंसेवकांनी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. भारतात १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेने बोलक्या पुस्तकांचे कार्य हाती घेतले.

लेखनिकाचे कार्य वरवर सोपे दिसले, तरी ते संयमाचे आहे. उत्तर चुकीचे असल्याचे लक्षात आले, तरी त्याने ते सुधारावयाचे नसते. सूचक प्रश्न विचारणे, एखाद्या शब्दावर जोर देणे यांनीही परीक्षेचे स्वरूप बिघडते. उलट, अक्षर दुर्बोध असल्यास किंवा लेखनिकाकडून ऱ्हस्वदीर्घाच्या चुका झाल्यास त्यांचे उत्तरदायित्व नकळत विद्यार्थ्यावर येते. गणितात ही अडचण विशेष जाणवते. उदा., ‘क अधिक ख चा वर्ग’ असे सांगितल्यास वर्ग केवळ ख चा, की संपूर्ण बेरजेचा, हे श्रवणाने कळत नाही. म्हणून कंस, घातांक इत्यादींच्या उच्चाराचे संकेत उभयतांनी आधी ठरविणे व लिहिलेला मजकूर पुन्हा वाचून दाखविणे हितावह ठरते.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ देण्याची तरतूद केली. परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावी, अशी अटही तीत होती. गैरप्रकार टाळणे हा तिचा हेतू होय; परंतु अशी व्यक्ती बहुधा स्वतःच विद्यार्थी असल्याने तिच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. ऐनवेळी लेखनिक न आल्यास परीक्षार्थीचा वर्षभराचा अभ्यास वाया जाण्याचा धोका संभवतो. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेखनिकाची सुविधा ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला.

पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणक-प्रणालींमुळे अनेक दृष्टिहीन विद्यार्थी आता स्वतः टंकलेखन करून उत्तरे देऊ शकतात. मात्र जेथे ही साधने वा त्यांचे प्रशिक्षण उपलब्ध नाही, तेथे लेखनिकावाचून परीक्षा देणे शक्य होत नाही. विद्यार्थ्याचे ज्ञान, त्यातील उणिवांसह, जसेच्या तसे परीक्षकापर्यंत पोहोचविणे, हीच या सेवेची खरी कसोटी होय.