विश्लेषण : बर्फ नाही, तरी शिकारी कुत्रा थंडीत आजारी का पडतो?

उंब्रजजवळ तारळी नदी कृष्णेला मिळते. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात पहाटे धुके उतरते, उसाच्या पानांवरून दव ठिबकत असते आणि त्याच वेळी कारवानी कुत्री पाळणारे त्यांना पळवायला शेतरस्त्यावर आणतात. कुत्रा मैलभर पळतो, पोटापर्यंत भिजतो. घरी आला की अंगणातल्या कोब्यावर साखळीला अडकवायचा आणि मालक चहाला आत. दोन-तीन दिवसांनी त्याचे खाणे कमी होते, पाय आखडतात, खोकला लागतो. ‘थंडी बाधली’ म्हणून विषय संपतो. पण जिथे पाणीही गोठत नाही, तिथे एवढा काटक कुत्रा आजारी का पडतो?

हा कुत्रा थंडीला कच्चा का?

सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, तोच कर्नाटकात मुधोळ हाउंड. मुधोळ हे घोरपड्यांचे जुने संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. टपाल खात्याने २००५ मध्ये या जातीवर तिकीट काढले. २०१६ मध्ये त्याची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. कान-शेपटीला रेशमी केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात.

खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय, पातळ कातडी, आखूड केस. केसांखाली ऊब धरणारी लोकर नाही आणि कातडीखाली चरबी नावापुरती. हे शरीर पळताना तयार झालेली उष्णता झटपट बाहेर टाकण्यासाठी घडलेले आहे. मे महिन्यात हाच गुण कामी येतो. डिसेंबरच्या रात्री उष्णता बाहेर टाकणे मात्र थांबवता येत नाही. मेंढपाळाचा झुपकेदार केसांचा कुत्रा ज्या रात्री उघड्यावर सुखाने झोपतो, त्या रात्री कारवानी कुडकुडतो. तो लाडावलेला नसतो, त्याची अंगकाठीच तशी असते.

दहा-बारा अंश म्हणजे कडाका का?

कोरड्या हवेत नाही. पण थंड हवा जड असते, निरभ्र रात्री ती खोलगट भागात साचते. महाबळेश्वरात गावापेक्षा वेण्णा तलावाकाठी दव आधी गोठते, ते यामुळेच. कृष्णाकाठी दव गोठत नसले तरी पाणी पाजलेला ऊस आणि नदी यांमुळे ओल कायम असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे दहा अंशांतला ओला कुत्रा पाच अंशांतल्या कोरड्या कुत्र्यापेक्षा लवकर गारठू शकतो. शिवाय दुपारी पारा तिशीजवळ जातो, म्हणून मालकाला थंडी ‘फारशी नाही’ असेच वाटत राहते.

फोनवर शोधले तर सल्ले मिळतात ते बर्फाळ देशांचे : पंजांना बूट घाला, हिमदंशापासून जपा. आपल्याकडे हिमदंश होत नाही. आपला शत्रू ओल आहे.

मग बांधायचा कुठे?

खरा प्रश्न हाच. कोबा आणि फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढतात. या कुत्र्याच्या कोपरांवर, कुल्ल्यांवर मांस कमी असल्याने तिथे घट्टे आणि जखमाही होतात. जमिनीपासून वीतभर उंच फळी किंवा जुनी बाज, तिच्यावर गव्हाचे काड नाहीतर भाताचे पिंजर, हे सर्वांत स्वस्त आणि चांगले अंथरूण. बारदान किंवा जुनी गोधडीही चालते, पण कापड ओल धरते; रोज उन्हात टाकणार असाल तरच वापरा. पाचट फुकट मिळते, मात्र त्याच्या कडा पातळ कातडीला कापतात.

नुसत्या पत्र्याच्या शेडवर भरवसा ठेवू नका. रात्री पत्रा गार पडतो आणि त्याला आतून लागलेले दव कुत्र्याच्या अंगावरच ठिबकते. पत्र्याखाली ताडपत्री किंवा काडाचा थर हवा. खोपा कुत्र्याला उभे राहून वळता येईल एवढाच असावा. मोठा खोपा त्याच्या अंगाच्या उबेने तापत नाही. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला.

बंद गोठ्यात बांधण्याचे दुसरे कारण कराड तालुक्यात सांगायलाच नको. ऊसतोड सुरू झाली की फडातला बिबट्या बाहेर पडतो आणि वस्तीवर साखळीला बांधलेला कुत्रा त्याला सर्वांत सोपा सापडतो. पण बंद जागेत शेगडी पेटवून दार लावू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुत्रा झोपेतच जातो.

बैलाला झूल घालतो तशी कुत्र्यालाही घालता येते. जुन्या ब्लँकेटचा तुकडा छाती आणि पाठ झाकेल असा शिवा, नराचे पोट लघवीसाठी मोकळे ठेवा. ओली झाली की लगेच काढा. ओली झूल नसलेल्या झुलीपेक्षा वाईट.

पहाटेच पळवायला हवे का?

शर्यतीची तयारी करणारे पहाट सोडत नाहीत. त्यात कुत्र्याचा फायदा मात्र दिसत नाही. थंड स्नायूंवर एकदम जोर आला की ते फाटतात. ऊन वर आल्यावर, आठ-नऊ वाजता, आधी दहा मिनिटे चालवून मग सोडा. परतल्यावर पुन्हा चालवा, अंग कोरडे पुसा, मग झूल. पोटभर खाल्ल्यावर निदान दोन तास पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म फुगले आणि उलटीचे उमाळे येऊनही काही पडत नसेल, तर तासही न दवडता डॉक्टरकडे न्या.

जाता जाता : ‘शिकारी’ हा शब्द आता जातीच्या नावापुरताच. ऊस तुटला की ससे उघड्यावर येतात आणि मोह होतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार कुत्रा सोडून ससा मारणे हाही गुन्हाच आहे.

थंडीचा खुराक कोणता?

रात्री उघड्यावर काढणाऱ्या कुत्र्याला जास्त खाणे लागते. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे या जातीत ठीक. पाठीचा कणा टोचू लागला तर तो उपाशी आहे. भाकरीबरोबर अंडी, मटणाचे तुकडे वाढवा, तूप-चरबी हळूहळू. पाणी कोमट द्या, गार पाणी तो पुरेसे पीत नाही.

आणि बेदाणा अजिबात नको. तासगावच्या शेजारी राहणाऱ्यांना हे पटणे अवघड, पण माणसाला गरम पडेल, ताकद देईल म्हणून दिलेले द्राक्ष किंवा बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. थोडेसे खाऊनही काही कुत्री दगावतात. उरलेल्या रश्श्यातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. रम-ब्रँडीचा चमचा पाजणारेही आहेत. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता आणखी वेगाने जाते.

गारठलाच तर?

कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ९९ च्या खाली गेले तर तो गारठला आहे. साध्या डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावून गुदद्वारातून मोजता येते. कुडकुडणे चालू असेल तोवर शरीर झुंजत असते. कुडकुडणे थांबले, कुत्रा सुस्त झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर ते बरे झाल्याचे लक्षण समजू नका.

अंग कोरडे करा, घोंगडीत गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून छाती-पोटाशी ठेवा. कढत पाण्याने अंघोळ नको, पाय चोळणे नको, घरातली आयब्रुफेनची गोळी तर मुळीच नको.

नवजात पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागी ३० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता हवी. उंचावर टांगलेला बल्ब पुरतो, पण सरकून बसायला एक गार कोपरा ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नका. ते पचत नाही, फुप्फुसात जाऊ शकते. आधी ऊब, मग दूध.

खोकला, नाक-डोळ्यांतून चिकट स्राव आणि ताप एकत्र दिसले तर ती निव्वळ थंडी नसून डिस्टेंपर असू शकतो. त्याचे विषाणू गार हवेत जास्त काळ टिकतात. लस थंडीआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास टोचून घ्यावी. कुणाला विचारायचे ठाऊक नसेल, तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.